बाबांचा नंबर वाढला नव्हता

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवसांत बाबा रात्री साडेनऊला सिंहगड रोडवरून आत्याकडून परत आले, गाडीची किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवली आणि पाणी प्यायच्या आधीच जाहीर करून टाकलं की आजपासून रात्रीचं ड्रायव्हिंग बंद, डोळे गेले आपले. झालं काय होतं तर डिव्हायडर जिथे सुरू होतो तो कोपरा त्यांना अगदी शेवटच्या क्षणी दिसला. लागलं काही नाही, पण ७१ वर्षांचा माणूस घाबरला. आम्ही लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. नंबर पावने बदललेला, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात, पण डॉक्टर म्हणाले इतक्यात काही करायची गरज नाही. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की वय झालं. आईला तर बरंच वाटलं, तिचा बाबांच्या ड्रायव्हिंगवर १९८७ पासून विश्वास नाहीये.

गाडी माझ्याकडे आली. २०१० ची हॅचबॅक, बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली, त्यावेळचं टॉप मॉडेल, अजून एकही मोठा डेंट नाही, दर रविवारी धुतलेली, सीटकव्हर स्वच्छ. लोक विचारतात विकायचीये का. आतून बाहेर काय दिसतं हे मात्र आजवर कोणी विचारलं नव्हतं.

मी राहते कोथरूडला आणि ऑफिस खराडीला. ज्यांना पुणं माहितीये त्यांच्या लक्षात येईल की हा माणसाला सूर्याने दिलेला शाप आहे, म्हणजे सकाळी पूर्वेला जायचं तेव्हा सूर्य समोर आणि संध्याकाळी पश्चिमेला परत यायचं तेव्हाही सूर्य समोरच. त्यात हिवाळ्यात सूर्य वर चढतच नाही, सनव्हायझर पाडलं तरी त्याच्या खालून येतो. नगर रोडला सकाळी समोरची काच अशी पांढरी व्हायची की कुणीतरी आतून दुधाचा हात फिरवलाय असं वाटावं. मी काय केलं असेल? गॉगल घेतला. मग दुसरा, जरा महाग. मग डोळे तपासले. डॉक्टर हसून म्हणाल्या चाळिशी लागलीये तुम्हाला. बरोबरच होतं, मी ४३ ची आहे, पण चाळिशी लागून पेपरातलं दिसत नाही हो, येरवड्याच्या चौकातला सिग्नल दिसायला काय होतंय. तेव्हा हे सुचलं नाही. बापलेकी दोघांनी गाडीच्या आधी स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घेतला.

मला पहिली शंका आली ती ऑफिसातल्या एकाच्या गाडीत बसून त्याच रस्त्याने त्याच वेळी आले तेव्हा. ऊन होतं, डोळे मिचकावत होते, पण रस्ता दिसत होता. बाइकवाल्याच्या जॅकेटवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी सूर्याकडे तोंड करून उभी केली आणि काचेतून पाह्यलं. हजारो बारीक ठिपके. १५ वर्षं हायवेवर समोरच्या ट्रकने उडवलेली वाळू-खडी त्या काचेने खाल्ली होती. एकेक खड्डा सुईच्या टोकाएवढा, दिवसा सावलीत बघितलं तर काच स्वच्छ, पण समोरून प्रकाश आला की प्रत्येक खड्डा स्वतःचा छोटा दिवा होतो आणि सगळे मिळून काच धुरकट करतात. सूर्य असो नाहीतर समोरच्या गाडीचा अप्पर, परिणाम तोच. शिवाय ड्रायव्हरच्या बाजूला अर्धचंद्रासारखा एक लांब ओरखडा होता. कधीतरी वायपरचं रबर संपून नुसती पट्टी काचेवर फिरली असणार. बाबांना विचारलं तर म्हणाले हां, २०१७ चा पाऊस असेल, महाबळेश्वरला गेलो होतो ना, जरा कर्रकर्र येत होतं.

काचवाल्याला मी म्हटलं पॉलिश करून द्या. तो भला माणूस, म्हणाला, "मॅडम, घासून खड्डा जाईल पण तिथली काच भिंगासारखी होईल, रस्ता वाकडा दिसेल, मग मला शिव्या घालाल." काच बदलायचीच तर त्याच्याकडे दोन प्रकार होते. त्याने दोन्ही उभ्या करून मला मागे उभं केलं आणि पलीकडच्या विजेच्या खांबाकडे बघत मान डावी-उजवी हलवायला सांगितली. चांगल्या काचेतून खांब सरळच राह्यला, स्वस्तातल्या काचेत खांब पाण्यात बघितल्यासारखा लचकत होता. दोन्ही नव्या कोऱ्या बरं का! समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ थर असं सँडविच असतं, म्हणून ती फुटली तरी तडा जाऊन जागेवर राहते, बाजूच्या खिडक्यांसारखा चुरा होऊन अंगावर पडत नाही. ते सँडविच नीट जमलं नसेल तर अशी लहर येते, आणि रोज तासभर लहरीतून बघितलं की डोकं दुखतं. मी महागातली घेतली. बसवल्यावर त्याने गाडी रात्रभर ठेवून घेतली, डिंक पक्का व्हायला वेळ लागतो म्हणून, आणि दोन दिवस दारं जोरात आपटू नका, एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवा म्हणाला, नाहीतर आतली हवा काचेला बाहेर ढकलते. आमच्या घरात दार हळू लावणारा माणूस शोधणं अवघड, पण निभावलं.

हे झालं मे महिन्यात. मला वाटलं संपलं.

मग पाऊस आला. पुण्यात पहिला पाऊस म्हणजे मातीचा वास, भजी, व्हॉट्सअॅपवर कविता आणि वाळलेलं वायपरचं रबर. एप्रिल-मेमध्ये गाडी उन्हात उभी, काच चटका बसेल इतकी तापलेली, आणि त्यावर ते रबर आठ महिने एकाच बाजूला मुडपून पडलेलं. वायपर खरं तर काचेवर सरळ फिरत नाही, जाताना त्याची धार एका बाजूला कलते आणि येताना उलटते. रबर कडक झालं की ती उलटत नाही, मग जाताना पुसतं आणि येताना थरथर उड्या मारतं. आमच्या वायपरने वारज्याच्या पुलाखाली तेच केलं. वर पहिल्या पावसात काचेवर साचलेली धूळ आणि पुढच्या गाड्यांचा तेलकट धूर यांचं पीठ मळून सगळीकडे लिंपलं. पाणी मारावं म्हणून दांडा ओढला तर डाव्या नोझलमधून एक थेंब आणि उजव्यातून तोही नाही. उन्हाळ्यात सोसायटीला टँकर असतो, बाबा त्याच पाण्याने वायपरची टाकी भरायचे, त्या जड पाण्याचा क्षार भोकात बसून भोकं बंद. साडीची टाचणी घालून उघडली. एक बारीक पांढरी काडी निघाली, खडूसारखी.

नवीन वायपर चार-पाचशे रुपयांत आले आणि तरी उजवा वायपर ऐंशीच्या पुढे गाडी गेली की मधल्या भागात पाणी सोडायचा. ती दांड्याची स्प्रिंग ढिली होती, हवेने वायपर उचलला जायचा. नुसतं रबर बदलून आपण किती समाधानी होतो ना.

वायपरवरून आठवलं. बाबा पाटबंधारे खात्यात होते आणि जीपने पानशेतच्या बाजूला जायचे. जीपचा वायपर बंद पडला की ड्रायव्हर उतरून तोंडातला नव्हे, पुडीतला तंबाखू ओला करून काचेवर चोळायचा. ट्रकवाले पण करायचे हे. त्याने पाण्याचे थेंब होत नाहीत, पाणी पातळ पत्र्यासारखं पसरून वाहतं आणि त्यातून बऱ्यापैकी दिसतं. बटाटा कापून चोळला तरी चालतो म्हणे. वायपरचं अमेरिकन पेटंट १९०३ साली मेरी अँडरसन नावाच्या बाईने घेतलं, अलाबामाची. न्यूयॉर्कमध्ये बर्फात ट्रामचा ड्रायव्हर समोरची काच उघडी ठेवून चालवतोय हे बघून तिला सुचलं. पेटंट विकायला गेली तर कंपनी म्हणाली यात धंदा नाही. पैसा मिळालाच नाही तिला. हे मी बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्या ड्रायव्हरला सांगायला हवं होतं, त्याने तंबाखूचं पेटंट घेतलं असतं."

आता जुलै. खरा घोळ इथे झाला. आम्ही चौघं ताम्हिणीला निघालो, मी, बाबा, आई आणि माझा मुलगा, कपडे अर्धवट ओले, आणि मुळशी सोडल्यावर काच आतून धुरकट व्हायला लागली. यात मी तज्ज्ञ आहे असं मला वाटायचं. आतल्या चार माणसांचे श्वास, ओले कपडे, पावसाने गार पडलेली काच, आतली वाफ तिच्यावर येऊन बसणारच. त्यावर इलाज म्हणजे एसी लावायचा. लोकांना वाटतं एसी गार करायला असतो, पण त्याच्या गार जाळीवर हवेतलं पाणी सुटतं आणि कोरडी हवा आत येते, काच साफ होते ती त्या कोरडेपणाने. शिवाय आतलीच हवा फिरवायचं ते बटण बंद करून बाहेरची हवा घ्यायची. सगळं केलं. काच दोन मिनिटं साफ, परत दूध. पिवळं फडकं घेऊन बाबा शेजारी बसून पुसतायत, मागून आई "थांब, थांब गं बाई" म्हणतेय, आणि समोर घाटात धुकं, म्हणजे बाहेरचं धुकं कुठलं आणि आतलं कुठलं तेही कळेना. मध्येच मी हवा अगदी गार करून काचेवर सोडली तर उलटंच, काच इतकी गार झाली की बाहेरून दव धरलं, ते वायपरने जायचं आणि पुढच्या वळणाला परत. शेवटी एका चहाच्या टपरीपाशी थांबलो आणि तिथूनच माघारी. कणीस खाल्लं हेच काय ते ताम्हिणी.

गॅरेजवाल्याला सांगितलं तर तो काही न तपासता म्हणाला एसीचा गॅस भरावा लागेल. मी दुसऱ्याकडे गेले. हे गृहस्थ साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी आधी काचेच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. मी बघतच राह्यले. म्हणाले, चिकट लागून गोडसर वास आला असता तर हीटरची छोटी जाळी लीक आहे, कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, वाफ काचेवर बसते, ती एसीने जात नाही आणि पुसली की आणखी पसरते. आमचं तसं नव्हतं, साधं पाणी होतं. मग त्यांनी डाव्या सीटखालचं कार्पेट दाबलं आणि बोटांमधून पाणी आलं. डबकंच.

"गाडी झाडाखाली लावता का?"

लावतो ना. गुलमोहराखाली. पंधरा वर्षं. उन्हाळ्यात सावली म्हणून बाबांनी ती जागा भांडून मिळवलीये.

बोनेट उघडून काचेच्या खालची काळी प्लास्टिकची जाळी त्यांनी काढली. आत अर्धा पाट भरून काळा चिखल, म्हणजे गुलमोहराची ती बारीक बारीक पानं, कुजून चहाच्या गाळासारखी झालेली. मोठं पान जाळीवर अडकतं, गुलमोहराचं पान जाळीतून आत जातं. काचेवरून वाहणारं पाणी त्या पन्हळीतून दोन्ही बाजूंच्या भोकांनी चाकाजवळ खाली पडायला हवं, भोकं बुजली की पन्हळ भरते, आणि तिथेच ब्लोअरचं हवा ओढायचं तोंड असतं. म्हणजे गाडी प्रत्येक पावसात थोडं थोडं पाणी पीत होती, ते कार्पेटखालच्या फोममध्ये मुरत होतं आणि आम्ही आत बसलो की वाफ होऊन काचेवर येत होतं. एसी बिचारा एकीकडून कोरडं करतोय आणि दुसरीकडे आम्ही ओल्या गादीवर बसलोय. आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर काढला, त्याच्यावर तर मोड आलेले! खोटं नाही सांगत, दोन हिरवे कोंब.

पाणी काढलं, भोकं तारेने मोकळी केली, कार्पेट काढून चार दिवस गच्चीत वाळवलं. पावसाळ्यात वाळवलं म्हणजे काय केलं असेल ते समजा, खाली टेबलफॅन लावून. गॅस भरावा लागला नाही.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. मागची काच: गाडी घेतली तेव्हा बाबांनी हौसेने काळी फिल्म लावली होती, मग एप्रिल २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, फिल्म बंद, त्यावेळच्या नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा होता, तो काचेचा स्वतःचा, वर काही चिकटवून नाही. बाबा कायद्याला घाबरणारे, त्यांनी त्याच आठवड्यात ब्लेडने खरवडून काढली. त्याबरोबर मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून वाफ घालवणाऱ्या, बारीक लाल रेघाही दोन-तीन ठिकाणी खरवडल्या गेल्या, त्यामुळे मागची काच आजही झेब्र्यासारखी साफ होते, एक पट्टा साफ, एक धूसर. वर गोंदाचे डाग होते ते रॉकेल लावून गेले. डॅशबोर्डवर आईने टाकलेली बदामी रंगाची सतरंजी होती, ती काढली आणि मला धक्काच बसला, कारण तिचं प्रतिबिंब सतत समोरच्या काचेत दिसत होतं आणि आम्हाला ते प्रतिबिंब आहे हेच कळत नव्हतं, तो रस्त्याचाच रंग वाटायचा. गणपती ठेवलाय, पण मधून काढून कडेला. काचेच्या बाजूचा खांब तर गाडीच्या जन्माचाच दोष, त्याच्यामागे पुण्यातली आख्खी अॅक्टिव्हा दोन माणसांसकट लपते, तिथे फक्त आपणच मान पुढे-मागे हलवायची.

आता नोव्हेंबरमध्ये गाडीला १५ वर्षं पूर्ण, म्हणजे पासिंग. नोंदणी पाच वर्षं वाढवून घ्यायची तर गाडी तपासायला न्यावी लागते. एजंट म्हणाला, "काही करू नका ताई, दिवा लागला आणि वायपर हलला की झालं." त्या वाक्याने मी हेडलाइटकडे नीट बघितलं. लागत होते. दोन्ही. पण त्यांचा रंग पिकलेल्या बोटांसारखा, विडी ओढणाऱ्या माणसाच्या बोटांसारखा.

जुन्या फियाट-अॅम्बॅसेडरच्या दिव्यांना खरी काच असायची, ती पिवळी पडत नाही. आताच्या दिव्यांना पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक, वरून एक पारदर्शक कोटिंग. उन्हाने ते कोटिंग मरतं आणि मग प्लास्टिक पिवळं, खरखरीत होत जातं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने मोजून बघितलं तर असे धुरकट दिवे नव्या दिव्यांच्या जेमतेम २० टक्के उजेड देत होते. घासून पॉलिश केले तर साधारण ७० टक्क्यांपर्यंत येतात, पूर्ण हवा असेल तर कंपनीचे नवीनच. आणि उरलेला उजेड धड रस्त्यावर पडत नाही, वर-खाली फाकतो, समोरच्याच्या डोळ्यात जातो. ताशी ६० ने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, त्या उजेडात डिव्हायडरचा कोपरा शेवटच्या क्षणी दिसणार नाही तर काय होणार. (यावर उपाय म्हणून काही लोक त्याच जुन्या दिव्यात बाजारातले पांढरे एलईडी बल्ब घुसवतात. त्यांच्याबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिता येणार नाही.)

मी आधी बफिंग केलं, नुसतं घासून सोडू नका, वरून कोटिंग लावा असं दहा वेळा सांगून, कारण कोटिंगशिवाय घासलेला दिवा थोड्याच महिन्यांत परत पिवळा. उजवा बरा झाला. डाव्याला आतून भेगा होत्या, तो नवीनच घ्यावा लागला. मग भिंतीसमोर गाडी लावून दोन्हीची उंची जुळवली. तेव्हा कळलं की स्टेअरिंगच्या उजवीकडचं ते ० ते ३ चं छोटं चाक दिवे खाली करायला असतं, मागे माणसं-सामान भरलं की नाक वर होतं म्हणून. आमचं चाक किती वर्षं ३ वर होतं देव जाणे. म्हणजे पिवळे दिवे, आणि तेही आपल्याच बंपरपुढच्या डांबरावर रोखलेले.

दिवाळीत पाडव्याला आत्याकडे जायचं होतं. रात्री परत येताना बाबा शेजारच्या सीटवर, तोच सिंहगड रोड. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे झाडांना पांढरे-लाल पट्टे आत्ता मारले का गं?"

"आत्ता कुठले, कधीचे आहेत."

"आणि हा स्पीडब्रेकर?"

"तोही."

परत गप्प. घराजवळ आल्यावर विचारलं की दिव्याला किती पडले. मी आकडा सांगितला. म्हणाले, "आणि माझ्या चष्म्याला किती पडले होते?" तो आकडा मोठा होता.

मोतीबिंदू आहे हं पण, तो काही खोटा नव्हता, आता डाव्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलंय. त्यामुळे किल्ली मागायला लागलेत तरी मी देत नाहीये, आई तर अजिबात देत नाहीये. दिवसा फक्त, दशभुजा गणपतीपर्यंत.

पासिंग झालं. परवा सहज बोनेट उघडलं तर जाळीखाली परत मूठभर गुलमोहर. सोसायटीत दुसरी पार्किंगची जागा मागितलीये, चेअरमन म्हणाले यादी आहे, तुमचा नंबर सातवा, आणि काहो, सावलीची जागा सोडताय, नक्की ना?